विकलेल्या मालावर विक्रेत्याचे कुलूप

संगणकातील प्रोसेसरची गती पायाभूत स्पंदगती आणि गुणक या दोन आकड्यांच्या गुणाकाराने ठरते. त्यातील गुणकाला कारखान्यातच कुलूप घालण्याची प्रथा इंटेल कंपनीने १९९० नंतरच्या दशकात रूढ केली. कारण असे दिले गेले की, लबाड व्यापारी कमी गतीच्या प्रोसेसरवरील छाप खोडून वरच्या गतीची छाप मारतात व गिऱ्हाइकास फसवतात. ही फसवणूक खरोखरीच चालत होती. परंतु तिचा बंदोबस्त चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने झाला. स्वतःच्या पैशाने घेतलेला प्रोसेसर स्वतःच्या जबाबदारीवर अधिक वेगाने चालवू पाहणारा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करणारा, प्रामाणिक गिऱ्हाईकही त्या कुलपात अडकला.

कुलपाआड काय दडले होते ते १९९८ साली दिसले. ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झची पायाभूत गती आणि साडेचारचा बंद गुणक घेऊन बाजारात आला. गुणक हलत नव्हता. पण मदरबोर्डवरून पायाभूत गती १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने धावे, आणि असे धावणारे नग थोडेथोडके नव्हते. त्याच गतीचा ‘पेंटियम टू’ कित्येक पट महाग विकला जात होता!

सगळीच लबाडी होती असे मात्र म्हणता येणार नाही. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून निघालेले सर्व नग सारखे नसतात. काही वरची गती पेलतात, काहींना ती झेपत नाही. गती वाढवली की उष्णता वाढते, व्होल्टेज वाढवले की आयुष्य घटते. म्हणून प्रतवारी हवी, आणि हमी ठरल्या गतीपुरतीच देणेही रास्त आहे. पण हमी नाकारणे वेगळे आणि मज्जाव करणे वेगळे. शिवाय स्वस्त मालाला मागणी अधिक असली की सशक्त नगांवरही खालची छाप मारली जाते.

२०११ साली तर पडदाच उरला नाही. त्या वर्षीच्या रचनेत पायाभूत गती संगणकाच्या इतर जोडण्यांशी अशी बांधली गेली की ती वाढवण्याची जुनी वाट जवळजवळ बुजली. ‘आय५-२५००’ आणि ‘आय५-२५००के’ या दोघांचीही मूळ गती ३.३ गिगाहर्ट्झ, जाहीर किंमत मात्र २०५ आणि २१६ डॉलर. ‘के’मध्ये चित्रनिर्मितीचा भाग थोडा सरस होता हे खरे, पण अक्षराची खरी महती मोकळ्या गुणकात होती. ही किल्ली घेतल्यावरही ती चालवू देणारा वेगळा मदरबोर्ड घ्यावाच लागे. त्याआधी २०१० मध्ये ‘पेंटियम जी६९५१’च्या गिऱ्हाइकास ५० डॉलरचे कार्ड विकून, त्याच्या घरी पडलेल्या प्रोसेसरमधीलच बंद ठेवलेला भाग उघडून देण्याचा प्रयोग झाला होता. ओव्हरक्लॉकिंगने जळालेला ‘के’ प्रोसेसर बदलून देण्याची जादा हमीही कंपनी २०१२ ते २०२१ पर्यंत पैसे घेऊन विकत होती. मग कुलूप सुरक्षेसाठी, ही मखलाशी कोणी मानावी?

२०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड उत्पादकांनी बंद प्रोसेसरांसाठीही पायाभूत गती वाढवण्याची वाट काढली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुधारित आज्ञावलीच्या नावाखाली ती बंद झाली. जुनी आज्ञावली जपणाऱ्यांची गती टिकली. भाबडेपणाने सुधारणा स्वीकारणाऱ्यांची गेली.

प्रतिस्पर्धी एएमडीने २०१७ मध्ये ‘रायझेन’चे गुणक मोकळे ठेवले. बाजारात मागे पडलेल्याचे हे औदार्य होते, आणि सर्वांत स्वस्त मदरबोर्डवर तेही चालत नसे. २०२२ चा ‘५८००एक्स३डी’ तिनेही बंद विकला. वर रचलेली जादा स्मृती अधिक व्होल्टेज सोसत नाही, हे त्याचे कारण. असे कारण असेल तर कुलपाला हरकत नाही. मात्र खोक्यावर ते छापण्याची सक्ती कायद्याने व्हावी : कुलूप सिलिकॉनच्या मर्यादेमुळे आहे की दरपत्रकामुळे. इंटेलने २०२३ मध्ये पैसे भरल्यावर काही भाग उघडण्याची पद्धत मोठ्या सर्व्हरांच्या ‘झिऑन’ प्रोसेसरांतही आणली. तेव्हा हा केवळ हौशी तरुणांचा प्रश्न आहे, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.