जाहीर आवाहन : लोकसेवेचे दार कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडले पाहिजे

तलवाडा (ता. गेवराई, जि. बीड) व पंचक्रोशीतील शेतकरी, ऊसतोड कामगार, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, सेवा केंद्र चालक आणि ग्रामसभेचे सर्व मतदार यांस,

शेतातील पिकाची नोंद, हमीभावाने कापूस विकण्यासाठीची नोंदणी, रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी आणि अंगणवाडीतील बालकांच्या पोषणाची माहिती ही कामे आता मोबाईलवर आली आहेत. त्यांतील बरीचशी ॲपमधून करावी लागतात, म्हणजेच आधी गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये जाऊन एक स्वतंत्र प्रोग्रॅम फोनमध्ये उतरवून घ्यावा लागतो. नागरिक आणि शासन यांच्या मध्ये अशा रीतीने एका खाजगी कंपनीचे दार उभे राहिले असून, त्या दाराचे नियम ना ग्रामसभेने ठरवलेले आहेत ना विधिमंडळाने. प्रत्येक शासकीय सेवा कोणत्याही फोनवर, कोणत्याही ब्राउझरमध्ये, केवळ पत्ता टाकून उघडली पाहिजे आणि ॲप हा जादा पर्याय असावा, एकमेव मार्ग नसावा, ही मागणी तलवाड्याच्या ग्रामसभेने ठरावाद्वारे करावी, यासाठी हे आवाहन करण्यात येत आहे.

या मागणीमागील तांत्रिक बाजू प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, सॅमसंग इंटरनेट किंवा झोहो या भारतीय कंपनीचा उला हे सर्व ब्राउझर आहेत. संकेतस्थळाचा पत्ता घेऊन त्यावरील मजकूर पडद्यावर आणणे हे त्यांचे काम. ज्या वेब तंत्रावर ते चालतात, ते सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने 30 एप्रिल 1993 रोजी सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, आणि म्हणूनच संकेतस्थळ उभारताना आजही कोणत्याही दुकानदाराची मंजुरी घ्यावी लागत नाही. वेब ॲप म्हणजे असेच संकेतस्थळ, मात्र ते होम स्क्रीनवर चिन्हाच्या रूपाने ठेवता येते, आवश्यक भाग फोनमध्ये साठवून ठेवून रेंज नसतानाही काही कामे करू शकते, आणि वापरणाऱ्याने परवानगी दिल्यास कॅमेरा व जीपीएस यांचाही उपयोग करते. फ्लिपकार्टने 2015 च्या मार्चमध्ये मोबाईलवरील आपले संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले होते, परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्ट लाइट या वेब ॲपच्या रूपाने ते परत आणले. 2017 मध्ये आलेले ट्विटर लाइट एक एमबीपेक्षाही कमी जागेत चालत असे. त्याच वर्षी खेडोपाडी पोहोचलेल्या जिओफोनमध्ये प्ले स्टोअर नव्हतेच, कारण त्याची काईओएस ही प्रणालीच वेबच्या तंत्रावर बांधलेली होती. त्या फोनवर प्ले स्टोअरवरील शासकीय ॲप बसत नसे, पण साधे संकेतस्थळ उघडत असे.

हा फरक गेवराई तालुक्यातील शेतकऱ्याला रोजच्या व्यवहारात दिसतो. सातबारा पाहायचा असेल तर महाभूलेखचे संकेतस्थळ कोणत्याही फोनवर उघडते, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही ऑनलाइन शुल्क भरून त्याच मार्गाने मिळतो. त्याच सातबाऱ्यातील गाव नमुना बारावर पिकाची नोंद करायची असेल, तर मात्र ई-पीक पाहणीचे ॲप लागते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेला हा उपक्रम हेतूने स्तुत्य आहे, कारण आपल्या पिकाची नोंद स्वतः करण्याचा अधिकार त्याने शेतकऱ्याला दिला. परंतु कपाशीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोन जुना असेल, तर प्ले स्टोअर सांगते की हे ॲप या फोनवर चालणार नाही. फोन चालण्याजोगा असेल, तर स्टोरेज फुल्ल असल्याने लेकरांचे फोटो काढून टाकून जागा करावी लागते. आणि जागा झाली तरी गूगल खात्याचा पासवर्ड विचारला गेल्यास तो ठाऊक नसतो, कारण ते खाते फोन विकणाऱ्या दुकानदाराने उघडून दिलेले असते. पिकाचा फोटो काढणे आणि जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवणे ही दोन्ही कामे ब्राउझरला करता येतात. तेव्हा ही अडचण अटळ नसून, सेवा कोणत्या मार्गाने द्यायची याविषयीच्या एका प्रशासकीय निर्णयातून ती उद्भवली आहे.

या निर्णयाची किंमत पैशांत मोजता येते, कारण पीकविमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी या सर्व ठिकाणी पीकनोंद विचारली जाते. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, आणि भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर तो मिळण्यासाठी ‘कपास किसान’ या ॲपमधून नोंदणी करण्याची पद्धत त्याच हंगामात आली. ज्याला नोंदणी जमत नाही, त्याला खाजगी व्यापारी देईल त्या भावात माल द्यावा लागतो. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण घरातील एकच फोन कामगाराबरोबर फडावर जातो आणि मागे राहिलेल्या वृद्धांना कोणाचा तरी फोन मागून काम करावे लागते. मागून घेतलेल्या फोनवर पत्ता टाकून काम उरकता येते आणि काम झाल्यावर बाहेर पडता येते. पण दुसऱ्याच्या फोनमध्ये आपल्यासाठी ॲप उतरवा, असे सांगणे जड जाते.

मार्ग बदलता येतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज 2024 च्या जुलैमध्ये ‘नारीशक्ती दूत’ या ॲपमधून सुरू झाले आणि पुढे त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ खुले करण्यात आले. 2025 ची ई-केवायसीही संकेतस्थळावरच झाली. सर्व्हर बंद पडणे, ओटीपी न येणे हे त्रास तेथेही झाले हे खरे, तथापि ते त्रास सर्व्हरची क्षमता वाढवून दूर करता येण्याजोगे होते, आणि फोन कोणत्या कंपनीचा व किती जुना, या कारणावरून बहिणीला परत पाठवण्याची गरज तेथे नव्हती. याउलट 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाईल परत केले. ते फोन कमी क्षमतेचे असल्याने काम पेलत नव्हते, आणि पोषण ट्रॅकर ॲपमधील इंग्रजीचाही सेविकांना जाच होता.

हा प्रश्न केवळ शासकीय खात्यांच्या सवयीचा नाही. मोबाईलची बाजारपेठ ज्यांच्या हातात आहे त्या कंपन्यांचाही आहे. युरोपीय संघाच्या कायद्यात अशा कंपन्यांना द्वारपाल म्हटले आहे. ज्यांच्या दारातून गेल्याशिवाय व्यावसायिकाला ग्राहकापर्यंत आणि ग्राहकाला सेवेपर्यंत पोहोचता येत नाही, त्या या कंपन्या. भारतातील बहुसंख्य स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, आणि ती प्रणाली, तिच्यावरील प्ले स्टोअर व आधीच बसवून दिलेला क्रोम हे तिन्ही गूगलचेच आहेत. बाजार समितीचे आवार, तेथील वजनकाटा आणि आडत एकाच्याच हातात गेली, तर शेतकऱ्याचे जे होईल, तेच येथे लहान उद्योजकाचे व ग्राहकाचे होते. भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 रोजी अँड्रॉइडविषयीच्या प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्ले स्टोअर हवे असलेल्या फोन उत्पादकांना गूगलची सर्व ॲप्स एकगठ्ठा आधीच बसवून द्यावी लागतात, आणि त्यायोगे क्रोमला ब्राउझरच्या बाजारपेठेत अवाजवी लाभ मिळतो, असा स्पष्ट निष्कर्ष आयोगाने नोंदवला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने 29 मार्च 2023 रोजी दंड कायम ठेवला. मात्र आधी बसवलेली ॲप्स काढून टाकण्याची मुभा ग्राहकाला असावी, या निर्देशासह काही निर्देश रद्द केले.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद बाब अशी की, आयोगाकडे गेलेले तक्रारदार अँड्रॉइड फोन वापरणारे सामान्य ग्राहक म्हणून पुढे आले होते. स्पर्धा अधिनियम 2002 नुसार कोणतीही व्यक्ती आयोगाकडे माहिती दाखल करू शकते, आणि त्या तरतुदीचा आधार घेऊन मूठभर नागरिकांनी जगातील एका बलाढ्य कंपनीला उत्तर द्यायला भाग पाडले.

आयफोनवरील बंधन याहून कडक आहे. ब्राउझरच्या आत पान प्रत्यक्ष उभे करणारा जो भाग असतो त्याला इंजिन म्हणतात, आणि ॲपलच्या नियमानुसार आयफोनवरील प्रत्येक ब्राउझरला ॲपलचेच वेबकिट हे इंजिन वापरावे लागत आले आहे. त्यामुळे नाव क्रोम असो वा फायरफॉक्स, वेब ॲपने काय करावे आणि काय करू नये हे ॲपल ठरवते. युरोपीय संघाच्या नव्या कायद्याने हे बंधन सैल करायला लावले, तेव्हा 2024 च्या फेब्रुवारीत ॲपलने तेथील आयफोनवरून होम स्क्रीनवरील वेब ॲप्सच बंद करण्याचा निर्णय घेतला. विकासकांनी व नागरी गटांनी जाहीर पत्रे काढली, युरोपीय आयोगाने विचारणा केली, आणि 1 मार्च 2024 रोजी ॲपलने तो निर्णय मागे घेतला. योगायोगाने त्याच दिवशी भारतात शुल्काच्या वादावरून गूगलने नोकरी, शादी, भारत मॅट्रिमोनी यांसारखी भारतीय ॲप्स प्ले स्टोअरवरून काढण्यास सुरुवात केली, आणि केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यानंतर काही दिवसांत ती परत आली. ॲप दुकानातून गेले तरी त्या सेवांची संकेतस्थळे मात्र त्या काळात उघडतच होती. शासकीय सेवेला तसा दुसरा रस्ता हवा, या मागणीचे बळ याच घटनेत आहे.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो व त्याचे उत्तरही तितक्याच प्रामाणिकपणे दिले पाहिजे. स्टोअरमध्ये ॲपची काही तपासणी तरी होते, मग उघड्या वेबवर फसवणूक वाढणार नाही काय, असा तो आक्षेप आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा शेतकरी योजनेची यादी अशा नावाने येणाऱ्या एपीके फाइलमुळे, म्हणजे स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये बसवल्या जाणाऱ्या ॲपमुळे, अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत, आणि अशी फाइल कोणीही कधीही उघडू नये. परंतु ब्राउझरमधील पान एपीकेसारखे फोनमध्ये शिरत नाही. परवानगीवाचून त्याला कॅमेरा किंवा ठिकाण मिळत नाही, आणि फोनमधील संदेश तर ते वाचूच शकत नाही. बनावट संकेतस्थळांचा धोका मात्र आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे पत्ता वाचण्याची सवय, कारण शासकीय संकेतस्थळाच्या नावाचा शेवट सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी होतो. तरीही फसगत झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी.

या सर्व बाबींचा विचार करून नागरिकांनी पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

1. नित्य लागणाऱ्या शासकीय संकेतस्थळांचे पत्ते ग्रामपंचायत, शाळा आणि सेवा केंद्र येथे मोठ्या अक्षरांत लावावेत. क्रोमच्या मेनूतील ‘होम स्क्रीनवर जोडा’ या पर्यायाने ही संकेतस्थळे फोनवर कशी ठेवायची, हे महाविद्यालयीन मुलामुलींनी घरातील व शेजारच्या वडीलधाऱ्यांना शिकवावे.

2. क्रोमखेरीज निदान एक दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. फायरफॉक्स मराठीतही चालतो. एखादे शासकीय संकेतस्थळ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडत नसेल, तर पडद्याचा फोटो जोडून संबंधित खात्याकडे व ‘आपले सरकार’च्या तक्रार निवारण प्रणालीवर तक्रार करावी.

3. जी सेवा केवळ ॲपमधून मिळते, तिच्याविषयी माहितीचा अधिकार अधिनियम 2005 खाली अर्ज करून, ती संकेतस्थळावर न देण्याच्या निर्णयाची कागदपत्रे मागावीत. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने 2010 मध्येच स्वीकारले आहे, त्याचा उल्लेख अर्जात अवश्य करावा.

4. केंद्राने नेमलेल्या समितीने 2024 च्या मार्चमध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला. बीड लोकसभा मतदारसंघाच्या खासदारांनी या विषयाचा संसदेत पाठपुरावा करावा, अशी पत्रे गावागावांतून जावीत.

5. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. त्यांपैकी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पुढील मजकुराचा ठराव मांडावा :

“ही ग्रामसभा असा ठराव करते की, पीक पाहणी, हमीभाव खरेदी नोंदणी व अन्य सर्व लोकसेवा मराठी भाषेत, कोणत्याही चालू ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या संकेतस्थळावर उपलब्ध करून द्याव्यात, त्या जुन्या फोनवर व कमी रेंजमध्ये चालतील याची खात्री करावी, आणि विशिष्ट ॲप नसल्याच्या कारणावरून कोणत्याही नागरिकास कोणताही लाभ नाकारला जाऊ नये. या ठरावाच्या प्रती गेवराईचे तहसीलदार, बीडचे जिल्हाधिकारी आणि राज्याच्या महसूल, कृषी व माहिती तंत्रज्ञान विभागांना पाठवाव्यात.”

एका गावाच्या ठरावाने मोठ्या कंपन्यांचे नियम बदलणार नाहीत. शासनाने आपली सेवा कोणत्या दाराने द्यावी, हे मात्र मतदार ठरवू शकतात, आणि एकामागून एक गावांचे ठराव तहसीलमध्ये दाखल होऊ लागले तर खात्यांना त्यांची दखल घ्यावीच लागेल. तलवाड्याने हा ठराव सर्वांआधी करावा, त्याची प्रत शेजारच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावी आणि ग्रामसभेच्या दिवशी प्रत्येक घरातून निदान एकाने हजर राहून हात वर करावा, असे कळकळीचे आवाहन आहे.