आठवणींचे गणित

आमच्या माईआत्याला भोंडल्याची सगळी गाणी पाठ आहेत. पण सकाळचा चहा झाला की नाही, हे ती दहा मिनिटांत तीनदा विचारते. जुने शाबूत, नवे मात्र उमटतच नाही!

नवी आठवण पक्की करण्यात मेंदूतल्या ‘हिप्पोकॅम्पस’चा मोठा हात असतो. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे ग्रीक नाव. तिथे पेशींचा एक गट विजेचे सूक्ष्म ठोके पाठवतो आणि पुढचा गट त्यांवरून आपले ठोके देतो. अमेरिकेतील थिओडोर बर्गर यांनी विचार केला, की मधली वाट बिघडली तर आत आलेल्या ठोक्यांवरून पुढचे ठोके गणिताने काढून तारेवाटे द्यावेत. गंमत अशी, की या गणिताला आठवणीचा अर्थ ठाऊकच नसतो. तारेतले सुखदुःख जुन्या तारमास्तराला तरी कुठे ठाऊक असे? तो आपला कडकट्ट करी!

२०११ साली औषधाने स्मृती दडपलेल्या उंदरांना या युक्तीने, आधी कोणती दांडी दाबली होती, ते आठवू लागले. २०१८ मध्ये अपस्माराच्या काही रुग्णांवर प्रयोग झाला. उपचारासाठी त्यांच्या मेंदूत तारा आधीच बसवलेल्या होत्या. पाहिलेली चित्रे ओळखण्यात सुमारे ३५ टक्के सुधारणा दिसली. म्हातारपणाच्या विसराळूपणावरचा घरगुती उपाय मात्र हा अजून नव्हे, बरे का!

हे सारे मी आत्याला सांगितले. ती म्हणाली, “चांगलं आहे रे. पण त्या तारांनी माझी गाणी नाही ना पुसायची?”

मी मुकाट्याने चहाचा कप पुढे केला.