जुन्या सुरीचे गिऱ्हाईक

माझी सासुरवाडी बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्याची. सासरे गेल्यावर घरात पाच सुऱ्या उरल्या. मेहुण्याने त्या ऑनलाइन विकायला लावल्या आणि गिऱ्हाइकांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे आले. आवक-जावक लिहिणाऱ्या कारकुनाला ते जमेल, असा त्याचा समज!

पहिला म्हणाला, "पाते झिजलेय, निम्म्यात द्या." अहो, धार लावून लावूनच ते झिजले! पण आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक सुरी हातात घेते, नखावर धार बघते, मग घासाघीस करते. फोटोवर नख कसे टेकवणार? त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. मी शेजारी पट्टी ठेवून नवे फोटो काढले, मुठीची चीर दाखवली, एकच भाव लिहिला. निम्मी कटकट तिथेच संपली.

दुसऱ्याने पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडला आणि पिन टाकायला सांगितला. यूपीआयवर पैसे घेताना पिन लागत नाही, एवढे ठाऊक होते म्हणून वाचलो. असो.

तिसऱ्याने भाव केलाच नाही. "नुसती दाखवली तर माणूस घाबरेल ना?" एवढेच विचारले. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते, पण घरगुती वापराच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे कायद्याने मला अडवले नसते. मी नाही म्हणून कळवले. याच सुरीने सासऱ्यांनी मला पहिल्या दिवाळसणाला पेरू कापून दिला होता.

मेहुणा अजून धुसफुसतो, पूर्ण पैसे मिळत होते म्हणे. सुरी आता आमच्या स्वयंपाकघरात आहे.