सातबाऱ्यावरचा ‘अज्ञान’

बोलभाषेत ‘अज्ञान’ म्हणजे ज्ञानाचा अभाव. सातबाऱ्यावर मात्र हा शब्द वयाची १८ वर्षे पूर्ण न झालेल्या, म्हणून स्वतःच्या सहीने करार करण्यास कायद्याने असमर्थ ठरणाऱ्या खातेदारासाठी येतो आणि त्याच्या नावाशी ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा मारून आईचे, चुलत्याचे किंवा अन्य पालकाचे नाव लिहिले जाते. भीमेच्या एका तीरावर शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा आणि वडगाव रासाई, दुसऱ्या तीरावर दौंड तालुक्यातील राहू आणि पारगाव, अशा या ऊसपट्ट्यात जेथे गुंठ्यागुंठ्याला मोल आले आहे, तेथे तीन अक्षरांच्या या शेऱ्यामुळे खरेदीखत, सोसायटीचे कर्ज आणि भावकीतील वाटप अडून राहू शकते.

असमर्थता हा माणसाचा गुणधर्म नसून ती नेहमी कशासाठी तरी असते, आणि ते ‘कशासाठी’ वाक्यातून गळाले की शब्द शिवीकडे झुकतो. ‘नालायक’चे तसेच झाले: एखाद्या कामास योग्य नसलेला, एवढाच त्याचा मूळ अर्थ होता, पण आता त्याने सबंध माणूसच निकालात काढला जातो. कायद्याला असा शब्द परवडत नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मधील कलम ३२-फ याचे बोलके उदाहरण आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. परंतु जमीनमालक अज्ञान, विधवा किंवा शारीरिक वा मानसिक असमर्थता असलेली व्यक्ती असल्यास ही खरेदी पुढे ढकलण्यात आली. अज्ञान मूल सज्ञान होते, त्यामुळे त्याच्या बाबतीत मुदतीला शेवट होता. विधवेला मात्र तिच्या शहाणपणाचा, वयाचा किंवा कर्तबगारीचा विचार न करता त्याच रांगेत बसवले गेले. हेतू निःसंशय संरक्षणाचा होता, तरीही स्वतः शेती सांभाळणाऱ्या स्त्रीला केवळ वैधव्यामुळे दुबळी मानणे अन्यायाचेच होते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मालमत्ता धारण करण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा दिव्यांगांचा समान हक्क मान्य केला, तेव्हा असमर्थता आधीच गृहीत धरण्याच्या या रीतीला मोठा छेद गेला.

अज्ञान खातेदाराला संरक्षण हवेच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार नैसर्गिक पालकाला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून मुलाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि ही तरतूद अज्ञान वारसाच्या जमिनीची खरी राखण आहे. दोष आहे तो शेरा मागे राहण्यात: खातेदार सज्ञान झाला, त्याला मुले झाली, तरी वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज केल्यावाचून आणि फेरफार मंजूर झाल्यावाचून दप्तरी तो अज्ञानच राहतो.

त्याच उताऱ्यावर ‘पोटखराब’ हा जमिनीच्या असमर्थतेचा शब्द आहे. लागवडीस अयोग्य म्हणून ‘अ’ वर्गात नोंदलेले असे क्षेत्र शेतकऱ्याने कष्टाने पिकाखाली आणले, तर पाहणी करून ते लागवडीयोग्य क्षेत्रात धरण्याची वाट २०१८ च्या नियमदुरुस्तीने मोकळी केली. माणसाच्या बाबतीत तर अशी पाहणीही लागत नाही, कारण सज्ञान होण्याचा दिवस जन्मतारखेनेच ठरलेला असतो. वारसनोंद करतानाच ती तारीख संगणकीकृत अभिलेखात घेतली, तर अठरावे वर्ष पूर्ण होताच पालकाचे नाव कमी करण्याचा फेरफार महसूल खात्याने स्वतःहून धरावा आणि खातेदाराला त्याची नोटीस पाठवावी.