गोठ्याची पागा करताना

ठाण्याच्या दिवा परिसरातील भातखाचरे जसजशी इमारतींखाली गेली, तसतशी आगरी शेतकऱ्यांच्या दावणीची गुरेही नाहीशी झाली. तेव्हा असा एखादा ओस पडलेला गोठा वरातीच्या घोड्यांसाठी वापरावा, हा विचार मुळीच गैर नव्हे. गैर आहे ती समजूत अशी, की जिथे बैल सुखाने राहिला तिथे घोडाही राहील. अश्व मान उंच करणारा प्राणी. गोठ्याचे आढे बहुधा इतके ठेंगणे, की तो दचकून उसळला तर मस्तक तुळईवर आपटते. किमान बारा फूट लांब, बारा फूट रुंद मोकळी जागा, घसरणार नाही अशी उताराची जमीन आणि वरून खेळणारी हवा, हे त्याचे हक्काचे मागणे आहे. कारण मूत्राच्या उग्र वाफेने त्याची फुप्फुसे बिघडतात आणि खाडीकाठच्या दमटपणात ओल्या जमिनीवर खूर कुजतात. बुरसटलेल्या पेंढ्याने त्याला पोटशूळ होतो, आणि तो प्राणघातकही ठरू शकतो.

मुंबई उच्च न्यायालयाने 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा त्यांच्या घोड्यांच्या निवाऱ्याची दुरवस्थाही न्यायालयापुढे आली होती. ठाणे महानगरपालिकेने म्हणूनच छप्पर, निचरा आणि पशुवैद्याचा दाखला तपासल्यावाचून अशा पागेस परवाना देऊ नये. आणि मालकांनीही घोडा आणण्याआधी गवंडी बोलवावा.