रात्री बाळ उठतं, यात आईचं काय चुकतं?



बारशाला, मंदिराच्या पायरीवर, नाहीतर नुसत्या फोनवर, बाळंतीण भेटली की आपण बायका एक प्रश्न हमखास विचारतो. "बाळ रात्री झोपतं ना गं?" मनात वाईट काही नसतं. पण "नाही हो, सारखं उठतं" असं उत्तर आलं की प्रत्येकीजवळ एक सल्ला तयार असतो. दूध पुरत नसेल. दृष्ट लागली असेल. मांडीची सवय लावलीस. दिवसा फार झोपवतेस. सल्ले दहा असले तरी त्या मुलीला ऐकू येतं एकच, की माझंच काहीतरी चुकतंय.

माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्न आपण विचारायचा बंद करावा. मी हे अनुभवावरून सांगते आहे, आणि त्या अनुभवात चूक माझी होती.

आमची सून तीन महिने माहेरी राहून नातीला घेऊन सांगलीला आली. तेव्हा चिऊ रात्री सलग पाच तास झोपायची. मी शेजारीपाजारी कौतुकानं सांगत होते. चौथा महिना लागला आणि ती दर दीड-दोन तासांनी उठायला लागली. चार दिवस मी गप्प बसले. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात म्हणून गेले, "तुझं दूध कमी झालंय बघ. माहेरी होतीस तेव्हा बरी झोपत होती की." सून काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिने रात्री डब्याचं दूध द्यायला सुरुवात केली. चिऊ तरीही उठायचीच. सून आता दोन कामं करत होती, पाजायचं आणि वर बाटली उकळायची.

आठवड्याभराने पहाटे सामायिकासाठी मी उठले तर बाहेरच्या खोलीत दिवा चालू. सून सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेली. चिऊ तिच्या हातातून घसरून सोफ्याच्या पाठीच्या आणि उशीच्या मधे गेलेली, तोंड उशीकडे. मी उचललं तेव्हा ती रडली, आणि तो रडण्याचा आवाज मला इतका गोड कधी वाटला नव्हता. तान्ह्या बाळाला घेऊन सोफ्यावर झोप लागणं किती धोक्याचं असतं हे मला नंतर कळलं. फटीत तोंड दाबलं गेलं तर बाळ स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. सून सोफ्यावर का गेली होती? रडण्याने सासऱ्यांची झोप मोडेल म्हणून. आणि बेडवर पडून पाजलं तर "सवय लागेल" असं मीच म्हटलं होतं म्हणून.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिऊचं वजन केलं, दिवसात किती वेळा लंगोट ओला होतो ते विचारलं. वजन छान वाढलेलं, लंगोट सहा-सात वेळा ओला. "दूध पुरतंय," ते म्हणाले, "बाळाची झोप बदलतेय एवढंच." मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि पुढे मी स्वतः वाचत गेले. दोन मुलं वाढवून मला जे माहीत नव्हतं ते इथे लिहिते.

बाळ जन्माला येतं तेव्हा त्याला दिवस-रात्र नसते. पोटात ते आईच्या घड्याळावर चालतं, बाहेर आल्यावर स्वतःचं घड्याळ बसायला दोन ते चार महिने लागतात. पहिल्या तीन महिन्यांत बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या तुकड्यांनी. पोट लहान आणि आईचं दूध पचायला हलकं. म्हणून नवजात बाळाला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. हा हिशोब घातला की रात्री न उठता ते भागणारच नाही हे कळतं.

दुसरं म्हणजे झोपेची जात. आपली झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. दोन फेऱ्यांच्या मधे आपणही अर्धवट जागे होतो, कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळाची फेरी पाऊण ते एक तासाचीच असते. त्यामुळे अशा अर्धवट जागेपणाच्या वेळाही जास्त. शिवाय नवजात बाळाची निम्मी झोप चुळबुळीची असते. डोळे पापण्यांखाली फिरतात, ओठ हलतात, मधेच हसतं, कुंथतं. आपल्याला वाटतं उठलं. चिऊने जरा हूं केलं की मी लगेच उचलायचे. कितीतरी वेळा ती झोपेतच होती, आणि तिला मीच जागं केलं.

चौथ्या महिन्याच्या सुमाराला बाळाची झोप मोठ्या माणसासारखी व्हायला लागते. हलकी, गाढ, परत हलकी असे टप्पे पडतात आणि त्या जोडावर ते पूर्ण जागं होतं. आधी बरं झोपणारं बाळ मागे गेल्यासारखं वाटतं, पण ती मेंदूची वाढ असते. मी तिला दुधाची उणीव म्हटलं.

आणि "रात्रभर झोपणं" म्हणजे तरी किती? लंडनमध्ये १६० बाळांचा एक अभ्यास १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मध्यरात्री बारा ते पहाटे पाच एवढं झोपलं की बाळ "रात्रभर झोपलं" असं धरलं होतं. पाच तास! तेवढंसुद्धा तिसऱ्या महिन्यापर्यंत दहातली सातच बाळं झोपत होती, आणि त्यातली बरीच पुढे पुन्हा उठायला लागली. अलीकडे, २०१८ मध्ये, कॅनडातल्या संशोधकांनी सहा महिन्यांची ३८८ बाळं पाहिली. त्यांतली ३८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही असं प्रमाण २८ टक्के होतं. न झोपणाऱ्या आणि झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत काही फरक दिसला नाही. म्हणजे उठणारी बाळं मागे पडत नाहीत.

उलट बाळाला जाग येणं ही त्याची राखण आहे. श्वास अडला, नाकावर कापड आलं तर बाळाने जागं व्हायला हवं. झोपेत अचानक दगावणाऱ्या काही बाळांमध्ये हे जागं होणंच कमी पडतं असं डॉक्टर मानतात. म्हणून त्याला पाठीवरच निजवायचं, उशी नको, जाड दुलई नको. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून राईची उशी करतात. मी आवडीने शिवली होती, ती काढून ठेवली.

झोप लागावी म्हणून आपण बाळांना आजवर काय काय दिलंय ते आठवून बघा. गिरण्यांच्या काळात मुंबईत कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या बाळाला अफू घातलेली बाळागोळी देत. त्यांना दोष देणार नाही, बाराबारा तास काम आणि घरी बघायला कोणी नाही. पण गोळीने बाळ झोपत नव्हतं, सुन्न होत होतं. आज अफू गेली, तरी "पोट जड झालं की झोपेल" म्हणून दोन महिन्यांच्या बाळाला पेज किंवा बाटलीत नाचणी सत्त्व देणारी घरं मला माहीत आहेत. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, वर पाणीसुद्धा लागत नाही. एक वर्षापर्यंत बाळाला मध चाटवू नये असं डॉक्टर सांगतात, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. आपल्या घरात मध वर्ज्यच आहे, पण गुटीबरोबर "औषध म्हणून थोडासा" असं म्हणणारं कोणी ना कोणी भेटतंच. तिथे ठाम राहा. ज्या आईला वरचं दूध द्यावंच लागतं तिने अपराधी वाटून घेऊ नये. फक्त झोपेसाठी म्हणून ते सुरू करू नये, एवढंच. रात्रीच्या पाजण्याने दूध टिकतं, आणि रात्रीच्या दुधात झोप आणणारं मेलॅटोनिन असतं, ते दिवसाच्या दुधात जवळजवळ नसतं.

"मग आम्ही नाही का मुलं वाढवली?" हे मीही म्हटलं होतं. म्हणून माझ्या आईला फोन केला. ती ऐंशीच्या पुढे आहे. म्हणाली, "तू दीड वर्षाची होईस्तोवर उठत होतीस. पण पहाटे पाचला तुझी आजी तुला घेऊन जायची, मग मी आठपर्यंत झोपायची." आजीचे ते तीन तास मी विसरून गेले होते. आपण रात्री विसरतो आणि सुनेला सांगतो, आमची मुलं झोपायची. आमची मुलं उठायचीच, फक्त घरात हात जास्त होते. आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती मुलगी एकटी असते, आणि सहा महिन्यांनी ऑफिस तिची वाट बघत असतं.

आता आमच्या घरी काय बदललं ते सांगते. सकाळी चिऊला गच्चीत कोवळ्या उन्हात नेतो, दिवसा पडदे उघडे, बोलणं-भांडी नेहमीसारखी. संध्याकाळनंतर दिवे मंद. रात्री पाजताना मोठा दिवा नाही, बोलणं नाही, मोबाईल नाही. तिने हूं केलं की एक मिनिट थांबायचं, खरंच उठली तरच घ्यायचं. सून सोफ्यावर जात नाही, बेडवर पाजते आणि नंतर चिऊला शेजारच्या तिच्या पाळण्यात उताणं ठेवते. रात्रीचं लंगोट बदलणं मुलाकडे. तो आधी कुरकुरला, आता करतो. पहाटे पाच ते आठ चिऊ माझ्याकडे. माझं सामायिक थोडं पुढे गेलं, एवढंच.

आणि जेवणाचं. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होतं. पाजणाऱ्या आईला रोज ५०० ते ६०० कॅलरी जास्त लागतात. सहाला जेवलेली मुलगी रात्री दोनला पाजताना भुकेने थरथरते, आणि घरात सगळे पाळतात म्हणून बोलत नाही. आपल्या सोळाकारण भावनांत शक्तितस्त्याग आहे, त्याग आपल्या शक्तीप्रमाणे करायचा. बाळंतिणीची शक्ती त्या वेळी बाळाकडे जाते. ज्यांचा नियम आहे त्यांनी महाराजांना किंवा माताजींना विचारून सवलत घ्यावी. सासूने मात्र तिच्या तोंडून मागणी यायची वाट बघू नये. त्याच सोळांत वैयावृत्त्यही आहे. मूळ अर्थ साधूंच्या सेवेचा, हे मला ठाऊक आहे. पण थकलेल्या जिवाची सेवा करायचं वळण घरातच लागतं ना? मी तिच्या उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि गाळलेल्या, उकळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवते. पहिल्या दिवशी तिने डबा उघडला नाही. मी दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर उघडून एक लाडू हातात दिला.

काही वेळा मात्र थांबू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध ओढत नसेल, वजन वाढत नसेल, लंगोट कमी ओला होत असेल, श्वास घेताना छाती आत जात असेल, तर लगेच डॉक्टर. आणि बाळ झोपलेलं असूनही आईला झोप येत नसेल, दोन आठवड्यांच्या वर ती उदास असेल, सारखी रडत असेल, तर तेही दाखवायचंच. ते नखरे नसतात, आजार असतो आणि तो बरा होतो.

मी सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, तुम्ही म्हणालात त्यापेक्षा मीच मला जास्त म्हणत होते." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं. तिच्या मनात ते कुठून आलं असेल? माझ्यासारख्याच बायकांच्या प्रश्नांतून.

चिऊ आता सात महिन्यांची आहे. काल रात्री तीनदा उठली. मंदिरात एकीने विचारलं, "नात रात्री झोपते ना हो?" मी म्हटलं, "नाही. पण सून आज आठपर्यंत झोपली."