स्मृती ज्याची, निर्णय त्याचा

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या अपस्मारावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले. पण नव्या आठवणी साठवण्याची शक्ती कायमची गेली. हा धोका आधी ओळखण्याचे साधन त्या काळी नव्हते. आज फंक्शनल एमआरआयमुळे भाषा व स्मृती यांचे कार्य मेंदूच्या कोणत्या बाजूस अधिक चालते, हे दिसते. डाव्या कानशिलाजवळचा भाग काढल्यास शब्दस्मृती घटण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तो अंदाजच, हमी नव्हे. म्हणून पालकांनी शस्त्रक्रियेस भिऊन मागे फिरू नये, तसेच न विचारता सहीही करू नये. काय मिळेल, काय जाईल, हे डॉक्टरांनी रुग्णाला त्याच्याच भाषेत समजावले पाहिजे.